रिपोर्ट कसा पाहिजे, हे रक्त काढायच्या आधी विचारा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या काही वर्षांत आपल्या कोल्हापुरात कॅन्सरच्या पेशंटना जेनेटिक टेस्ट करून घ्या असं सांगायचं प्रमाण बरंच वाढलंय. कमी वयात ब्रेस्ट कॅन्सर झाला असेल, ओव्हरीचा कॅन्सर असेल, किंवा घरात दोघा-तिघांना होऊन गेला असेल तर डॉक्टर आता स्वतःहूनच सांगतात, आणि ते बरोबरच आहे, कारण ओलापारिबसारखी काही औषधं द्यायची का नाही हे पण या रिपोर्टवर ठरतंय. टेस्टला माझा अजिबात विरोध नाही, उलट ज्यांना सांगितलीय त्यांनी ती करावीच असं माझं मत आहे. मला बोलायचंय ते रिपोर्ट आल्यावर काय होतं त्याबद्दल. तो आधी कुणाच्या हातात पडतो, कुठल्या वेळेला पडतो, समजावून सांगायला समोर कोण असतं का नसतं, याचा विचार आमच्याकडं जवळजवळ कुणी करतच नाही. माझी मागणी साधी आहे. रक्त काढायच्या आधी पेशंटला विचारा की रिपोर्ट आला की तुम्हाला कसा सांगायचा, कुणाच्या समोर सांगायचा, आणि ते जे सांगतील ते फॉर्मवर लिहून घ्या आणि तसंच करा.

विषय घरातला आहे म्हणून नाव छापू नये ही विनंती, पत्ता तुमच्याकडं दिलाय.

ज्यांचा या टेस्टशी संबंध आला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. बीआरसीए-१ आणि बीआरसीए-२ ही दोन जीन्स आपल्या सगळ्यांच्यात असतात, बाईत पण आणि पुरुषात पण, आणि पेशीतल्या डीएनएची मोडतोड दुरुस्त करणं हे त्यांचं काम. अमेरिकेतल्या मेरी-क्लेअर किंग यांनी १९९० मध्ये पहिल्या जीनची जागा सतराव्या क्रोमोसोमवर आहे असं दाखवलं, १९९४ मध्ये ते जीन प्रत्यक्ष सापडलं आणि १९९५ मध्ये दुसरं. यात जन्मापासून बिघाड असेल तर बाईला वयाच्या ८० वर्षांपर्यंत ब्रेस्ट कॅन्सर व्हायची शक्यता शंभरात ७० च्या आसपास जाते, आणि ओव्हरीच्या कॅन्सरची बीआरसीए-१ वाल्यांना शंभरात ४४ आणि बीआरसीए-२ वाल्यांना १७ च्या आसपास, असं २०१७ च्या एका मोठ्या अभ्यासात आलंय. पण सगळ्या ब्रेस्ट कॅन्सरमध्ये असे घराण्यातनं आलेले शंभरात पाच ते दहाच असतात, त्यामुळं शेजारणीला झाला म्हणून सगळ्यांनी घाबरून लॅब गाठायची गरज नाही. बिघाड आई किंवा बाप, कुणाकडनंही येतो आणि प्रत्येक पोराला, मुलगा असो मुलगी असो, तो यायची शक्यता निम्मी निम्मी असते.

आता यातली एक गोष्ट नीट बघा. हा रिपोर्ट शुगरच्या नाहीतर डेंग्यूच्या रिपोर्टसारखा नाही. डेंग्यूत प्लेटलेट किती आहेत हे त्याच दिवशी कळायला लागतंय, तिथं घाई बरोबर आहे. हे जीन माणूस जन्माला आल्यापासून त्याच्या अंगात आहे. रिपोर्ट आज दुपारी कळला काय आणि परवा संध्याकाळी नीट बसून कळला काय, त्यानं तब्येतीत काही फरक पडत नाही. ज्यांचं ऑपरेशन नाहीतर औषध या रिपोर्टवर अडलंय त्यांना लवकर पाहिजे हे खरं, पण तिथं पण घाई म्हणजे एक-दोन दिवसांचा प्रश्न, एका मिनिटात मोबाईलवर पीडीएफ टाकायचा नाही. म्हणजे विचारायला वेळ नाही हे कारण इथं चालतच नाही.

आमच्या घरात काय झालं ते सांगतो, लॅबचं नाव घेत नाही कारण असं एकाच ठिकाणी होतं असं नाही. आमची आई ओव्हरीच्या कॅन्सरनं गेली. पुढं थोरल्या बहिणीला, आम्ही तिला आक्का म्हणतो, बेचाळिसाव्या वर्षी छातीत गाठ लागली. डॉक्टरांनी टेस्ट सांगितली, कलेक्शन सेंटरच्या पोरानं रक्त घेतलं आणि फॉर्मवर मोबाईल नंबर विचारला. आक्कानं दाजींचा नंबर दिला, कारण गॅसला, रेशनला, बँकेला सगळीकडं त्यांचाच नंबर आहे. सॅम्पल बाहेरच्या मोठ्या लॅबला जाणार, रिपोर्टला तीन-चार आठवडे लागतील एवढंच सांगितलं. तेवढे दिवस दाजींचा फोन वाजला की आक्का स्वयंपाकघरातनं बाहेर यायची.

रिपोर्ट आला तेव्हा दाजी कारखान्यावर वजनकाट्याच्या रांगेत ट्रॅक्टरवर बसलेले. व्हॉट्सअ‍ॅपवर पीडीएफ. भरपूर पानं, सगळं इंग्लिश, पहिल्याच पानावर लाल चौकटीत पॉझिटिव्ह आणि खाली जीनचं नाव आणि आकडे आणि अक्षरं. त्यांनी काय करायचं? पुतण्या इंजिनिअरिंगला आहे त्याला फॉरवर्ड केलं की बाबा हे काय आहे बघ. पुतण्यानं गुगल केलं आणि त्याच्या आईला सांगितलं, आणि अंधार पडायच्या आत वाड्यातल्या सगळ्यांना कळलं होतं. आक्का दारात भांडी घासत होती तिथं जाऊ येऊन तिच्या खांद्यावर हात ठेवून रडायला लागली. आक्काला तिच्या स्वतःच्या रक्ताचा रिपोर्ट जावेकडनं कळला. तिला वाटलं कॅन्सर सगळीकडं पसरला. खरं तर पॉझिटिव्हचा अर्थ एवढाच होता की बिघाड आहे, म्हणून दुसऱ्या बाजूला आणि ओव्हरीला धोका जास्त आहे आणि त्यावर करण्यासारखं बरंच काही आहे. हे सांगणारं माणूस तिला भेटलं पुढच्या आठवड्यात, डॉक्टरांची अपॉइंटमेंट मिळाल्यावर. लॅबला फोन केला तर म्हणाले रिपोर्ट पाठवलाय, बाकीचं तुमच्या डॉक्टरांना विचारा. मधले दिवस त्या बाईनं कसे काढले ते तिलाच माहीत, ती जेवत नव्हती आणि लेकीकडं बघून नुसती गप्प बसायची. दाजींना मी दोष देत नाही, पुतण्याला पण नाही. त्यांच्याकडं जे आलं ते यायलाच नको होतं, निदान त्यांच्याकडं पहिल्यांदा आणि असं उघडं तरी.

त्यानंतर आक्काच्या केमोला मी सोबत जायचो तेव्हा डे केअरमध्ये बसलेल्या पेशंटशी आणि त्यांच्या घरच्यांशी बोलणं व्हायचं, सलाईन चालू असतंय तोवर माणसं मोकळी बोलतात. मी बऱ्याच जणांना विचारलं की तुम्हाला असला रिपोर्ट कसा कळायला पाहिजे होता. मला वाटलेलं सगळी म्हणतील डॉक्टरांनी समोर बसवून सांगावा. तसं अजिबात नाही. शिरोळकडच्या एक बाई म्हणाल्या मला फोनवरच बरं, ओपीडीत वीस माणसांच्या पुढं मला रडायला येत नाही, घरात दार लावून रडीन आणि मग उठीन. पण फोन सकाळचं दूध डेअरीला घालून झाल्यावर करावा, त्याच्या आधी नको. एक शाळेतल्या मॅडम म्हणाल्या शाळेच्या वेळेत अजिबात नको, पुढं चौथीचा वर्ग आहे आणि मागं फोन वाजतोय हे मला झेपणार नाही, शनिवारी दुपारी सांगा. एका आजींना सून खोलीत पाहिजे होती आणि मुलगा नको होता, मुलगा लगेच हातपाय गाळतो म्हणाल्या. एकजण म्हणाल्या आधी मला एकटीला सांगा, नवऱ्याला काय आणि कधी सांगायचं ते मी बघीन. कागलच्या एका भावांचं म्हणणं होतं मला कागद आधी पाहिजे, मी वाचून प्रश्न लिहून काढतो आणि मग येतो, नाहीतर डॉक्टरांच्या पुढं बसलं की डोकं बंद होतं आणि बाहेर आल्यावर सगळं आठवतंय. आणि एक पोरगी, आईबरोबर आलेली, तिची टेस्ट करायची म्हणत होते, ती म्हणाली माझी परीक्षा आहे, मला आत्ता कळायलाच नको. तिचं पण बरोबर आहे की. न कळून घ्यायचा हक्क पण माणसाचाच आहे, आणि म्हणूनच अठराच्या आतल्या पोरांची ही टेस्ट साधारणपणे करतच नाहीत, मोठी झाल्यावर त्यांनी ठरवायचं असतंय.

म्हणजे सगळ्यांसाठी अमुकच पद्धत चांगली असा नियम कोण काढायला गेलं तर तो चुकणार. अमेरिकेत यावर नीट अभ्यास झालेत. २०१४ मध्ये आलेल्या एका अभ्यासात फोनवरचं काउन्सेलिंग समोरासमोरच्या काउन्सेलिंगपेक्षा कमी पडत नाही असं दिसलं, लोकांना माहिती तेवढीच कळली आणि टेन्शन पण जास्त आलं नाही. २०१८ चा दुसरा एक अभ्यास खास रिपोर्ट सांगण्यावरच होता, फोनवर सांगायचा का समोर बसवून, चिठ्ठ्या टाकल्यासारखं कॉम्प्युटर ठरवणार. त्यात पण फोनवाल्यांची काळजी जास्त वाढली नाही. पण मला त्यातली जास्त महत्त्वाची वाटते ती गोष्ट वेगळीच आहे. ११७८ जणांनी त्यात नाव दिलं आणि त्यातल्या २०८ जणांनी सांगितलं की आमच्या बाबतीत कॉम्प्युटरनं ठरवायचं नाही, आम्हाला समोर बसूनच ऐकायचंय. जवळजवळ सहातला एक माणूस. अभ्यासाचा सरासरी आकडा काही पण येऊ दे, त्या सहाव्या माणसाला फोन केला तर ते त्याच्यावर लादल्यासारखंच होणार आणि उरलेल्यातल्या एखाद्याला उगाच ओपीडीत तीन तास बसवलं तर ते पण.

वाईट बातमी कशी सांगायची याची स्पाइक्स नावाची पद्धत आहे, कॅन्सरच्या डॉक्टरांसाठी २००० साली मांडलेली, आणि त्यात पण बातमी सांगायच्या आधीची पायरी हीच की पेशंटला किती आणि कसं जाणून घ्यायचंय ते विचारायचं. म्हणजे मी काही नवीन मागत नाही.

कोल्हापूरच्या माणसाला फोनचा पर्याय पाहिजेच याला अजून एक कारण आहे. या विषयातले ट्रेनिंग घेतलेले काउन्सेलर आपल्या भागात मिळणं अवघड. टाटा मेमोरियलचं कॅन्सर जेनेटिक्सचं क्लिनिक आहे, पण ते तिकडं मुंबईला. चंदगड नाहीतर आजऱ्याच्या बाईनं अर्ध्या तासाच्या बोलण्यासाठी एसटीनं कोल्हापूर आणि तिथनं रात्रीची महालक्ष्मी एक्सप्रेस पकडायची, सोबत एका माणसाचा रोज बुडवायचा, राहायची सोय बघायची, तेही अंगात केमो चालू असताना. कोर्टाच्या तारखेसाठी मुंबईला जायला लागू नये म्हणून आपल्या सहा जिल्ह्यांनी किती वर्षं आंदोलन केलं आणि शेवटी २०२५ च्या ऑगस्टमध्ये इथं हायकोर्टाचं सर्किट बेंच सुरू झालं. तीच मागणी या बाबतीत पण करायला पाहिजे आणि ही तर कितीतरी सोपी आहे, इमारत लागत नाही. मार्च २०२० मध्ये सरकारनं टेलिमेडिसिनचे नियम काढलेत, सरकारची ई-संजीवनी ही ऑनलाइन ओपीडी चालू आहे, डॉक्टरनं व्हिडिओवर पेशंटशी बोलणं आता रीतसर आहे. आपल्या राजर्षी शाहू मेडिकल कॉलेजनं सीपीआर हॉस्पिटलमध्ये नाहीतर शेंडा पार्कला एक शांत खोली, एक स्क्रीन आणि एक मराठी बोलणारी नर्स नाहीतर सोशल वर्कर एवढं दिलं तरी मुंबईचा काउन्सेलर इथल्या पेशंटशी बोलू शकतो, आणि बोलणं झाल्यावर बाई एकटी बसस्टँडवर जात नाही, तिच्याजवळ कोणीतरी बसलेलं असतंय. बोलणं मराठीत पाहिजे हे वेगळं सांगायला नको. आणि टक्केवारीच्या ऐवजी शंभर बायकांतल्या किती असं सांगितलं की आमच्या आक्काला सुद्धा लगेच समजतं.

पॉझिटिव्हबद्दल एवढं लिहिलं पण बाकीचे दोन रिपोर्ट पण तेवढेच फसवे आहेत आणि त्यांच्याकडं तर कुणी लक्षच देत नाही. एक म्हणजे व्हीयूएस. याचा अर्थ जीनमध्ये बदल दिसलाय पण तो घातक आहे का निरुपद्रवी हे अजून ठरलेलं नाही. यातले बहुतेक बदल पुढं माहिती वाढत गेली की निरुपद्रवी ठरतात, आणि नुसत्या व्हीयूएसवर ऑपरेशन ठरवायचं नसतं. पण गडहिंग्लजच्या एका बाईंना हाच रिपोर्ट मेलवर आला आणि घरात गर्भाशय-ओव्हरी काढून टाकायची तयारी सुरू झाली, पैशाची जोडणी पण झाली होती, नशीब की ऑपरेशनच्या आधी एका सर्जननं रिपोर्ट नीट वाचला. दुसरा म्हणजे निगेटिव्ह. घरात बिघाड कुठला आहे हे माहीत असेल आणि तो तुमच्यात नसेल तर खरोखर सुटलात, धोका बाकीच्यांच्याएवढाच. पण घरात बऱ्याच जणांना कॅन्सर झालाय आणि बिघाड कुणातच सापडलेला नाही, अशा वेळी निगेटिव्ह आला तर त्याचा अर्थ काहीच सापडलं नाही एवढाच होतो, तपासण्या चालूच ठेवायला लागतात. हे फोनवर सांगा, समोर सांगा, पण माणसानं सांगायला पाहिजे. निगेटिव्ह आहे म्हणून नुसता मेसेज टाकून मोकळं होणं पण बरोबर नाही.

आणि हा रिपोर्ट कधीच एकट्याचा नसतो, इथंच आमच्याकडं सगळ्यात जास्त गुंता होतो. आक्काचा रिपोर्ट म्हणजे माझा पण, धाकट्या बहिणीचा पण, निपाणीला दिलेल्या मावशीचा पण. घरात बिघाड एकदा कळला की बाकीच्यांची टेस्ट स्वस्तात होते कारण तेवढी एकच जागा बघायची असते. पण सांगायचं कुणी? आक्कानं फोन करून मावशीला सांगायचं की तुझ्या घराण्यातनं हे आलंय? सासरी कुणीतरी बोलून गेलंच की हे माहेरचं दुखणं, आणि लेकीला स्थळं बघायला सुरुवात व्हायची आहे तर आत्ता कुठं बोलू नका. आपण कितीही म्हटलं तरी ही भीती खरी आहे आणि ज्या बाईला ती आहे तिला तुम्ही लेक्चर देऊन उपयोग नाही. तिला विचारायला पाहिजे की घरच्यांना तू सांगणार, का आम्ही तुला पत्र लिहून देऊ. परदेशात डॉक्टर असं पत्र देतात, नातेवाईकांना दाखवायला, सोप्या भाषेत, कुणी कुठली टेस्ट करायची ते लिहिलेलं. आपल्याकडं मराठीत असं एक पानाचं पत्र तयार करणं काय अवघड आहे?

भावांबद्दल एक सांगतो कारण मी भाऊ आहे. आमच्यातल्या पुरुषांना वाटतं हा बायकांचा विषय. बीआरसीए-२ चा बिघाड असलेल्या पुरुषाला प्रोस्टेटच्या कॅन्सरचा धोका वाढतो, पुरुषांना ब्रेस्ट कॅन्सर होतो तो पण, आणि स्वतःला काही नाही झालं तरी तो बिघाड लेकीला देऊ शकतो. मी टेस्ट केली. माझ्या वेळेला मुंबईच्या काउन्सेलर मॅडमनी रक्त द्यायच्या आधीच फोनवर विचारलं, रिपोर्ट तुम्हाला कसा सांगू, सोबत कोण असलेलं चालेल, कुठली वेळ बरी, आणि समजा आत्ता कळून घ्यायचं नसेल तर तेही सांगा. मी म्हटलं संध्याकाळी सातनंतर, फोनवर, मिसेस शेजारी असताना, आणि पीडीएफ बोलणं झाल्यावरच. त्यांनी लिहून घेतलं आणि बरोबर तसंच केलं. रिपोर्ट काय आला ते इथं लिहीत नाही, पण तो कसाही आला असता तरी मी ऐकायला तयार होतो कारण कधी आणि कसा येणार हे मला माहीत होतं. आक्काला एवढंच मिळालं असतं तर बास होतं.

व्हॉट्सअ‍ॅपबद्दल पण सगळ्यांनी विचार करावा. ही माहिती एकदा ग्रुपवर गेली की परत घेता येत नाही, आणि ती फक्त पेशंटची नसते, त्याच्या पोरांची पण असते जी अजून शाळेत आहेत. अमेरिकेत जेनेटिक माहितीवरनं हेल्थ इन्शुरन्स आणि नोकरीत भेदभाव करायचा नाही असा कायदा २००८ सालापासून आहे, आपल्याकडं त्यासाठी वेगळा असा कायदा नाही. अशा परिस्थितीत पासवर्ड नसलेली पीडीएफ कुणाच्या पण नंबरवर टाकून देणं ही काळजी करण्यासारखी गोष्ट आहे, आणि ती थांबवायला लॅबला एक रुपयाचा खर्च नाही.

म्हणून कोल्हापुरातल्या कॅन्सरच्या डॉक्टरांना, लॅबवाल्यांना आणि कलेक्शन सेंटर चालवणाऱ्यांना विनंती आहे. फॉर्मवर नंबर लिहिताना तो पेशंटचा स्वतःचा आहे का विचारा, नसेल तर या नंबरवर रिपोर्ट गेला तर चालेल का हे पेशंटलाच विचारा, शेजारी उभा असलेल्या माणसाला नाही. रिपोर्ट साधारण कधी येईल ती तारीख लिहून द्या आणि उशीर झाला तर कळवा. फोन, समोरासमोर, व्हिडिओ, आधी कागद, यातलं काय पाहिजे, सोबत कोण, कुठली वेळ, याला फॉर्मवर चार ओळी ठेवा आणि पेशंटचं मन मधेच बदललं तर ते पण खोडून परत लिहू द्या, कारण तीन आठवड्यांत मन बदलतंय. बोलणं व्हायच्या आधी पीडीएफ पाठवू नका, पेशंटनं स्वतः मागितली असेल तर मात्र अडवू पण नका. आणि डॉक्टरांच्या संघटनांनी असा एक मराठी फॉर्म करून सगळ्या सेंटरना वाटायचा ठरवला तर छपाईचा खर्च मी आणि माझे दोन-तीन मित्र आनंदानं करू, तुमच्या ऑफिसमधनं माझा नंबर घ्यावा.

आपला,
एक वाचक, कसबा बावडा, कोल्हापूर